थेरपीत हात कसा बसवायचा? नवीन मुलींना शिकवतेय, अनुभवी लोकांनी सांगा

विश्रामबागची_थेरपिस्ट (सांगली)

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज विचारतेच. सांगलीत विश्रामबागला माझं स्पीच थेरपीचं छोटं क्लिनिक आहे, दोन खोल्या, एकीत सतरंजी आणि खेळणी, दुसरीत टेबल. सोळा वर्षं एकटीनेच चालवलं. यंदा जूनपासून दोन मुली जॉइन झाल्यात, दोघी बीएएसएलपी (स्पीच थेरपी आणि श्रवणशास्त्राची पदवी), चार वर्षं पूर्ण, त्यातलं शेवटचं इंटर्नशिपचं, आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन झालेलं. मुली हुशार आहेत आणि जीव लावून काम करतात हे आधीच सांगते, मी त्यांची तक्रार घेऊन आलेले नाही.

झालं असं की एक साडेचार वर्षांचा मुलगा येतो, क आणि ग म्हणत नाही, त्याजागी त आणि द. काकाला ताता, गाडीला दाडी. एक मुलगी त्याला घेऊन बसली. कार्ड दाखवलं, म्हण काका. तो म्हणाला ताता. ही म्हणाली नाही नाही, काका. ताता. नीट ऐक, का-का. ताता. असं वीस मिनिटं चाललं, शेवटी पोरगं टेबलाखाली जाऊन बसलं आणि ही दारातून माझ्याकडे बघायला लागली, डोळ्यांत पाणी. मी आत गेले, त्याला सतरंजीवर घेतलं, दोघं उताणे झोपलो, छताकडे बघत कोंबड्यासारखं कुकूचकू ओरडलो, मग ग्लोव्ह घालून टंग डिप्रेसरने (जीभ दाबायच्या पट्टीने) त्याच्या जिभेचं टोक हलकेच खाली धरलं, चार-पाच वेळा तू तू झालं आणि मग एकदा स्वच्छ कू आला. बाहेर बसलेल्या आईने ऐकला तो.

सेशन संपल्यावर ती मुलगी म्हणाली, मॅडम हे सगळं मला येत होतं हो, उताणं झोपलं की जीभ मागे पडते, क ला ऊ आणि ओ सोबत घेतलं तर सोपं जातं, परीक्षेत लिहिलंय मी हे. पण तिथे बसल्यावर काही सुचलंच नाही. आणि दुसरीने विचारलं, तुम्हाला कळलं कसं की आता कार्ड सोडायचं?

मला उत्तर देता आलं नाही. खरंच नाही आलं. कळतं, एवढंच म्हणाले.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे. पहिले तीन आठवडे मी त्यांना नुसतं माझं काम बघायला बसवलं, वह्या भरल्या त्यांनी, पण हात काही बसला नाही. रविवारी बसून विषय समजावला तर थिअरी त्यांना माझ्यापेक्षा ताजी आठवते. आमचे एक सर म्हणायचे पाण्यात ढकललं की पोहायला येतं, मी स्वतः तशीच शिकले, पण आता वाटतं की आमच्या धंद्यात गटांगळ्या खातं ते पेशंटचं पोर, आपण नाही. आईबाप तासगाव, कवठेमहांकाळहून रजा टाकून येतात, त्यांचा एक एक सेशन मोलाचा असतो.

तर कुणी असं शिकवलंय का? पालकांसमोर टोकायचं की नाही, व्हिडिओ काढायचा का, आणि एकटीला पेशंट कधी सोपवायचा? लांब उत्तरं चालतील.

माहुलीकर (मूळ सातारा, सध्या पुणे)

ताई, त्या दुसऱ्या मुलीचा प्रश्न वहीत लिहून ठेवा, अख्खी ट्रेनिंग त्या एका प्रश्नावर उभी करता येईल. मी गेली अकरा वर्षं क्लिनिकल सुपरव्हिजन करतो, म्हणजे नवीन थेरपिस्टच्या कामावर देखरेख, आणि सीनियर लोकांची अडचण बहुतेक हीच असते की आपण करतो काय हे आपल्यालाच दिसत नाही. सायकल चालवणाऱ्याला विचारा तोल कसा सांभाळतोस, तो काय सांगणार. तुम्ही त्या दोन मिनिटांत निदान सात-आठ निर्णय घेतलेत. कार्ड काढलंत, टेबल सोडलंत, शब्द सोडून एका अक्षरावर आलात, स्वर बदललात, शरीर आडवं केलंत, खेळ आणलात, मग हाताची मदत दिलीत, आणि क ऐवजी "तू" असा आवाज आला तेव्हा नाही नाही म्हणाला नाहीत. मुलींना यातलं दिसलं काय, तर मॅडमनी कोंबडा केला आणि क आला. म्हणून तीन आठवडे बघूनही हात बसला नाही, कारण बघायचं काय हेच कुणी सांगितलं नव्हतं.

मी काय करतो ते सांगतो. पहिलं म्हणजे पेशंटसमोर काम करताना पुटपुटतो, मोठ्याने विचार करतो. "दोनदा चुकलं, आता मी सोपं करणार." "हा माझ्या तोंडाकडे बघत नाहीये, म्हणून मी खाली वाकतोय." पालकांना याचा त्रास होत नाही, उलट त्यांनाही कळतं. आणि माझा एक ठरलेला नियम आहे जो नवीन मुलांना पहिल्या दिवशी देतो, सलग दोन चुका झाल्या की एक पायरी खाली उतरायचं, तिसऱ्यांदा तेच मागायचं नाही. पायऱ्या त्यांना माहीत असतात, आवाज एकटा, मग अक्षर, शब्द, दोन शब्द, वाक्य, गप्पा, व्हॅन रायपर या जुन्या अमेरिकन स्पीच तज्ज्ञाच्या काळापासून त्याच चालत आल्यात. मदतीच्याही पायऱ्या असतात, नुसतं ऐकवणं, मग आरशात दाखवणं, सोबत म्हणणं, मग हात लावून जागा दाखवणं. पाठ दोन्ही शिड्या असतात, पण उतरायचं कधी हे पुस्तकात ठळक लिहिलेलं नसतं, आणि परीक्षेत तर कुणी टेबलाखाली जातच नाही.

दुसरं, तुकडे करा. जॉर्ज मिलर यांनी १९९० साली वैद्यकीय शिक्षणासाठी एक चौपायरी मांडणी दिली, माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, आणि रोजच्या कामात खरंच करतो. आपण मुलांना दुसऱ्या पायरीवरून थेट चौथीवर ढकलतो. तिसरी म्हणजे खोटा पेशंट घेऊन सराव, ती पायरीच गाळली जाते. त्यासाठी फार काही लागत नाही. एकीने थेरपिस्ट व्हायचं, दुसरीने तो ताता म्हणणारा मुलगा, आणि फक्त पाच मिनिटं. पाच मिनिटांत एकच कौशल्य, उदाहरणार्थ आज फक्त थांबायचा सराव, म्हणजे खेळणं हातात धरून मुलाने काहीतरी करेपर्यंत तोंड बंद ठेवायचं. मनात दहा आकडे मोजायचे. करून बघा, नवीन मुलीला तीनच्या पुढे जात नाही, शांतता सहन होत नाही आणि ती बोलून टाकते. मग लगेच सांगायचं काय झालं आणि लगेच तेच पुन्हा करायचं. शिक्षकांसाठी स्टॅनफर्डला १९६० च्या दशकात मायक्रोटीचिंग सुरू झालं ते याच धर्तीवर, छोटा पाठ, अभिप्राय, परत पाठ. परत करणं महत्त्वाचं, नुसतं चुका सांगून घरी पाठवलं तर ती चुकाच घेऊन झोपते.

आणि जी मुलाचं सोंग घेतेय तिला मुद्दाम अवघड वागायला सांगा. टेबलाखाली जा, कार्ड चाव, "आई पाहिजे" म्हण. तिथे गडबडलं तर कुणाचं नुकसान नाही.

पालकांसमोर टोकायचं का, तर मी नाही टोकत. खुणा ठरवल्यात, मनगटाला हात लावला की थांब, तळहात खाली केला की सोपं कर. तेवढं पुरतं. सेशननंतर बोलतानासुद्धा आधी तिला विचारतो की तुला काय दिसलं. जीन अँडरसन यांनी १९८८ मध्ये आपल्याच क्षेत्रातल्या सुपरव्हिजनवर लिहिलंय त्यात हाच मुद्दा आहे, सुरुवातीला सुपरव्हायझर जास्त बोलणार, मग दोघं मिळून, आणि शेवटी तिने स्वतःचं काम स्वतः तपासायचं. एकटीला कधी सोडायचं याचं माझं माप तेच आहे, तुम्ही बोलायच्या आधी ती स्वतः सांगते की मॅडम मी तिथे उशिरा सोपं केलं, त्या दिवशी सोडा. किती सेशन झाले यावर नका ठरवू.

पाण्यात ढकलण्यावरून आठवलं, आमच्याकडे संगम माहुलीला कृष्णेत पोरांना पोहायला शिकवायचे तेव्हा पाठीला डबा बांधलेला असायचा आणि दोरीचं टोक धरून काका काठावर उभे असायचे. मग हळूहळू दोरी सैल. ढकलत कुणीच नव्हतं.

सह्याद्री_०७

माझ्या मते पहिल्यांदा एक चांगलं किट घेऊन द्या त्यांना. शिट्ट्या, फुगे, वेगवेगळ्या स्ट्रॉ, ओठ-जिभेचे व्यायाम, दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये सगळं शिकवतात आणि नवीन माणसाला हातात काहीतरी असलं की कॉन्फिडन्स येतो. पालकांनाही काहीतरी करतायत असं दिसतं.

माहुलीकर (मूळ सातारा, सध्या पुणे)

हातात काहीतरी असलं की धीर येतो हे बरोबर आहे तुमचं, पण या वस्तूंबद्दल माझा स्पष्ट विरोध आहे. फुंकणं, शिट्टी वाजवणं, जीभ बाहेर काढून फिरवणं याने उच्चार सुधारतो याला चांगला पुरावा नाही. फुंकताना तोंडाचे स्नायू जे करतात ते बोलताना करत नाहीत, स्नायू तेच असले तरी काम वेगळं. क शिकायचा तर क करूनच शिकावा लागतो. आवाजाच्या थेरपीत स्ट्रॉमधून आवाज काढायला लावतात तो भाग वेगळा, तिथे स्वरयंत्रावरचा ताण कमी करायचा असतो, त्याच्याशी गल्लत नको. नवीन मुलींच्या हातात हे किट दिलं की अर्ध्या तासातली वीस मिनिटं फुग्यात जातात आणि मूल आवाज किती वेळा करतं, तर पाच वेळा. मोजून बघा एकदा. उच्चाराच्या कामात किती वेळा करून घेतलं याला फार महत्त्व आहे.

कोयनाकाठ (कराड)

ताई, तुमचा प्रश्न मुलांवरून आहे पण मी पॅरालिसिस झालेल्या मोठ्या पेशंटमध्ये काम करते, मुख्यतः गिळण्याच्या त्रासावर, म्हणून वेगळ्या बाजूने लिहिते.

माहुलीकर सरांचं सगळं पटलं, एका गोष्टीत मात्र माझं वेगळं मत आहे. टोकायचं नाही हे मुलांच्या सेशनला ठीक. घास भरवताना मात्र मी कुणी का समोर असेना लगेच हात धरते. पेशंट आडवा रेललाय आणि मुलगी चमचा पुढे करतेय तर तिथे खुणा वगैरे नाही, थांब म्हणजे थांब. हे मी पहिल्या दिवशीच सांगून ठेवते, म्हणजे तिलाही अपमान वाटत नाही, नातेवाइकांनाही सांगते की आमच्याकडे अशीच पद्धत आहे.

हात कसा बसवायचा, तर आधी एकमेकींवर. गिळताना गळ्यावर चार बोटं ठेवायची असतात, पहिलं बोट हनुवटीच्या खाली मऊ भागावर, दुसरं हायॉइडवर (जिभेच्या मुळाशी असलेल्या छोट्या हाडावर), तिसरं आणि चौथं स्वरयंत्राच्या कूर्चेच्या वर आणि खाली. वाचायला सोपं. पण पहिल्यांदा बोटं ठेवली की मुली एवढ्या घट्ट दाबतात की समोरच्याला गिळता येत नाही, किंवा एवढ्या हलक्या की काही कळतच नाही. मी दोघींना समोरासमोर बसवते, चमचा चमचा पाणी, वीस वेळा, आणि स्वरयंत्र वर उचललं गेलेलं बोटाला कळलं की सांगायचं. मग घरी आई, आज्जी, भाऊ, सगळ्यांच्या गळ्यावर. आज्जीचं गिळणं हळू असतं ते बोटांना कळायला लागलं की समजायचं हात बसतोय.

आणि स्वतः भरवून घ्यायचं. डोळे मिटून, हात मांडीखाली ठेवून, दुसऱ्याच्या हातून. घास कधी येणार माहीत नाही, केवढा येणार माहीत नाही, तो अनुभव एकदा घेतलेली मुलगी आयुष्यात पेशंटच्या तोंडात न सांगता चमचा घालत नाही.

पातळ-घट्ट शिकवायला आयडीडीएसआयची (गिळण्याचा त्रास असलेल्यांसाठी अन्न-पेयाचा घट्टपणा ठरवायची आंतरराष्ट्रीय पद्धत) सिरिंज टेस्ट स्वयंपाकघरात करायला लावते. सुई नसलेली दहा मिलीची सिरिंज, खालून बोट लावून दहापर्यंत भरायची, बोट काढायचं, दहा सेकंद झाले की परत बोट लावायचं आणि उरलं किती बघायचं. एक मिलीपेक्षा कमी उरलं तर ते पातळ, एक ते चार उरलं तर लेव्हल एक, चार ते आठ लेव्हल दोन, आठच्या वर उरलं पण गळतंय तर लेव्हल तीन, आणि काहीच गळलं नाही तर चार. सिरिंज मात्र त्यांनी सांगितलेल्या मापाचीच हवी, सगळ्या कंपन्यांच्या नळ्या सारख्या लांबीच्या नसतात. आमच्याकडे ताक, तांदळाची पेज, नाचणीची आंबील, आमसुलाचं सार सगळं मोजून झालंय. पेज गरम असताना वेगळी आणि थंड झाल्यावर वेगळी येते हे मुलींनी स्वतः बघितलं की त्या घरच्यांना नुसतं घट्ट द्या असं मोघम सांगत नाहीत.

एक गोष्ट हात लावायच्या आधी शंभर वेळा बजावते, ठसका लागला नाही म्हणजे सगळं ठीक असं समजायचं नाही. काही पेशंटमध्ये अन्न श्वासनलिकेत जातं आणि खोकलाच येत नाही, ते बोटांना कळत नाही, त्याला व्हिडिओफ्लुरोस्कोपी (गिळतानाचा चालता एक्स-रे) किंवा फीस (नाकातून दुर्बीण घालून गिळणं बघायची तपासणी) हीच लागते. आपल्या हाताला काय कळतं आणि काय कळत नाही हे शिकवणं हाही ट्रेनिंगचाच भाग मानते मी.

तुमच्या मुलींना एखाद्या शनिवारी पाठवा कराडला, बसवते सोबत.

नवीन_पालवी (मिरज)

मी दुसऱ्या बाजूची आहे म्हणून लिहिते, मला पास होऊन दोनच वर्षं झालीत. मॅडम, तुमच्या त्या रडणाऱ्या मुलीची गोष्ट वाचून माझा पहिला महिना डोळ्यांसमोर आला.

आम्ही कॉलेजमध्ये सात-आठ जणी एका काचेमागे उभं राहून एक सेशन बघायचो, पुढच्या दोघींना दिसायचं. नंतर रिपोर्ट लिहायचा. हातात मूल आलं तेव्हा मला सगळ्यात भीती कशाची वाटली असेल तर मुलाची नाही, आईची. आई कोपऱ्यात बसून बघतेय, फी भरलीय, आणि माझ्यासमोरचं मूल कार्डाकडे बघायला तयार नाही. मग मी अजून जोरात बोलायचे, अजून कार्डं काढायचे. डोकं बंद पडायचं. त्यामुळे तुमची मुलगी म्हणते ना सुचलंच नाही, ते अगदी तसंच होतं, आळस किंवा कमी अभ्यास नसतो तो.

मला फायदा कशाने झाला तर माझ्या सीनियर मॅडमनी सेशन वाटून घेतलं. पहिला आठवडा मी फक्त शेवटची पाच मिनिटं घ्यायचे, म्हणजे मूल आधीच रुळलेलं, आवाज आलेला, मी फक्त तो पक्का करायचा. यश मिळूनच बाहेर पडायचे मी. मग शेवटची दहा. मग पूर्ण अर्धं. सुरुवात करणं, म्हणजे रडणाऱ्या मुलाला आत आणून बसवणं, हे सगळ्यात अवघड म्हणून ते सगळ्यात शेवटी दिलं. आधी वाटलं मला किती कमी काम देतात, आता कळतंय.

अजून एक, जे मला कुणी कॉलेजात हाताला धरून शिकवलं नाही. माझ्या पहिल्या रिपोर्टमध्ये मी एका मुलीला ण येत नाही असं लिहिलं होतं, पाणीला पानी, लोणीला लोनी. मॅडमनी विचारलं तिच्या आईला पाणी म्हणायला लाव बरं. आई म्हणाली पानी. आज्जी म्हणाली पानी. घरात सगळेच पानी म्हणतात तर पोरीने पाणी म्हणायचं कुठून? ती तिच्या घरची बोली आहे, दोष नाही. पण ती मुलगी वेळला वेल आणि मूळला मूल म्हणायची, आणि घरातले सगळे स्वच्छ ळ म्हणत होते, तिथे काम करायचं होतं. आपल्या भागात तर हे फारच लागतं. जतकडच्या एका घरात मी मुलाचे फक्त मराठी शब्द मोजले होते आणि पंधरा म्हणून लिहिलं, आज्जीला विचारल्यावर नीरु (पाणी) आणि बाकीचे कन्नड शब्द धरून आकडा दुपटीच्या वर गेला. आणि त्याच्या आधी कुणीतरी त्या आईला सांगितलं होतं की घरात कन्नड बंद करा, त्यामुळेच बोलायला उशीर होतोय. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलत नाही हो, आज्जीचं बोलणंच बंद केलं तर त्या पोराशी घरात बोलणार कोण. हेही थेरपीचंच कौशल्य आहे असं मला वाटतं, समोरच्या घरात बसून ऐकायचं. तुमच्या मुलींना फ्लॅशकार्डाऐवजी प्रत्येक घरचे वीस शब्द गोळा करायला लावा, कोण काय म्हणतं त्याचे.

आणि तोतरेपणावर काम करणार असतील तर त्यांना एकदा स्वतः अडखळून बोलायला लावा बाहेर. मी सांगलीच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीवर मुद्दाम अडखळत विट्याची गाडी विचारली होती. मागे रांग, खिडकीतल्या माणसाने माझं वाक्य स्वतःच पूर्ण केलं, मागून कुणीतरी लवकर म्हणालं. पाच मिनिटं हात थरथरत होते माझे. पेशंटला सावकाश बोल, रिलॅक्स हो असं सांगणं त्या दिवसापासून बंद झालं. फक्त हे मॅडम सोबत असताना आणि नंतर त्यावर बोलायचं ठरवूनच करावं, गंमत म्हणून नाही.

कास_पठार (सातारा)

मी थेरपिस्ट नाही, आई आहे. माझ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट आहे (ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून कानात बसवलेलं यंत्र), तीन वर्षांचा असताना झालं, आता दुसरीत आहे. लिहू की नको विचार करत होते पण राहवलं नाही.

आम्ही तीन थेरपिस्ट बघितल्या. पहिल्या ताई फार प्रेमळ होत्या, मुलगा त्यांच्याकडे हसत जायचा, पण मी बाहेर बाकावर. पाऊण तासाने दार उघडायचं, छान केलं आज, घरी सराव घ्या. कसला सराव? वहीत लिहिलेलं असायचं रंग, प्राणी. मी घरी येऊन त्याच्यासमोर बसून सांग हे काय सांग हे काय करत राहायचे आणि तो उठून जायचा, आणि मला वाटायचं मीच कमी पडतेय.

तिसऱ्या ताई अगदी नवीन होत्या, पहिलीच नोकरी. त्यांनी मला आत घेतलं आणि म्हणाल्या मी दोनदा करते, मग तुम्ही करा, मी बघते. सहा आवाज असतात ना, आ, ऊ, ई, म, स, श, ते त्याला ऐकू येतायत का हे रोज सकाळी मशीन घातल्यावर तपासायचं. मला वाटलं त्यात काय. मी केलं तर त्या म्हणाल्या ताई तो तुमचे ओठ बघतोय, बाजूला बसा. बाजूला बसून केलं तर म्हणाल्या तुम्ही प्रत्येक आवाजाआधी श्वास घेताय, ते बघून तो हात वर करतोय. मग म्हणाल्या एकाच ठेक्यात नको, मध्ये कधी लांब थांबा कधी थोडं. चार वेळा करायला लावलं त्यांनी मला, पण एकदाही लाज वाटू दिली नाही. पुढे एका सकाळी त्याला स आणि श ऐकू येईना, बाकीचे चार येत होते, मी लगेच फोन केला, तर मशीनमध्येच बिघाड निघाला. ते मला कळलं कारण मला करायला शिकवलं होतं.

म्हणून एवढंच सांगायचंय की तुमच्या मुलींना आम्हाला शिकवायलाही शिकवा. आम्ही कोपऱ्यात बसून परीक्षा घेत नसतो हो, आम्हालाही भीती असते. एवढं सांगितलंत त्यांना तरी बरं होईल.

विश्रामबागची_थेरपिस्ट (सांगली)

सगळ्यांचे मनापासून आभार. लगेच उत्तर दिलं नाही कारण आधी करून बघायचं होतं. आज बारा दिवस झाले.

कास_पठार ताई, तुमचं उत्तर दोघींना वाचून दाखवलं. त्या रडलेल्या मुलीने ते परत एकदा स्वतः वाचलं आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या आईला म्हणाली, आत या ना. मी सांगितलं नव्हतं.

मोठ्याने विचार करायचं मला फार जड गेलं. पहिल्या दिवशी मी बोलायचं विसरूनच जायचे, दुसऱ्या दिवशी बोलायला लागले तर लक्षात आलं की काही गोष्टी मी का करते हे मलाच माहीत नाही, आणि एक-दोन तर सवयीने करतेय, कारणच नाही. उदाहरणार्थ प्रत्येक बरोबर उत्तरावर मी शाब्बास म्हणते, दुसरी मुलगी म्हणाली मॅडम त्याला कळत नाहीये नेमकं काय शाब्बास, जीभ मागे गेली म्हणून का खुर्चीवर बसला म्हणून. बरोबर होतं तिचं. आता आम्ही तिघी "मागून आला बघ आवाज" असं म्हणतो.

रोज पावणेदहाला पहिला पेशंट यायच्या आधी पाच मिनिटांचा सराव चालू केलाय, एकच गोष्ट. थांबायचा सराव चार दिवस पुरला, पहिल्या दिवशी कुणीच पाचच्या पुढे गेलं नाही, मीसुद्धा नाही.

मोजायचं मनावर घेतलं. एका डब्यात चिंचोके ठेवलेत, मुलाने आवाज एकदा केला की एक चिंचोका दुसऱ्या डब्यात, टण्ण वाजतो म्हणून पोरांना तेच बक्षीस वाटतं. पहिल्या सेशनला तिचे एकोणीस निघाले, मी म्हणाले नाही काही. तिने स्वतःच कार्डांचा गठ्ठा कपाटात ठेवून दिला, फक्त चार जोड्या घेतल्या, गार-दार, गोरी-दोरी, कार-तार, काप-ताप. दोरी म्हणालास तर मी दोरी देणार, गोरी म्हणालास तर बाहुली. त्याला दोन-तीनदा बाहुली पाहिजे असताना दोरी मिळाली आणि तो थांबला, तोंड उघडं ठेवून जीभ कुठे आहे ते शोधायला लागला असं दिसलं, आणि त्या वेळी ती गप्प बसली. बाहेरून बघताना माझा हात मनगटाकडे गेला होता, पण खूण करायची गरज पडली नाही. त्या दिवशी सत्त्याऐंशी चिंचोके. ग अजून शब्दात कधी येतो कधी नाही, पण तो टेबलाखाली गेलेला नाही.

सह्याद्री_०७, राग मानू नका, पण फुग्यांची पिशवी आम्हीही काढून टाकली, माझ्याकडेसुद्धा होती.

पालवी, घरचे वीस शब्द गोळा करायला लावलेत. पहिल्याच घरातून आठ शब्द असे आले की मलाही माहीत नव्हते, हळदीच्या कामातले. स्टँडवरचा प्रयोग पुढच्या महिन्यात, मी सोबत जाणार आहे आणि आधी मी स्वतः करणार.

एकटीला सोपवायचं अजून ठरवलं नाही. एक मुलगी सेशन संपल्यावर बोलायला लागलीय, मी विचारायच्या आधी. दुसरी अजून माझ्या तोंडाकडे बघते, तिला वेळ देणार.

कोयनाकाठ ताई, या शनिवारी दोघींना घेऊन मीच येते, गळ्यावर बोटं ठेवायला मलाही परत शिकायचंय, सोळा वर्षांत गिळण्याचे पेशंट मोजकेच बघितले मी. दहा मिलीच्या सिरिंज घेतल्यात. आंबील कुठली आणायची, ताकातली की नुसत्या पाण्यातली?

कोयनाकाठ (कराड)

दोन्ही आणा. वेगवेगळ्या डब्यात. आणि सकाळी नाश्ता न करता या, भरवून घ्यायचंय.